हे तर माझं पाकीट

माझं नाव शांतवन. गाव आमचं नेवाशाच्या अलीकडं, गावाच्या बाहेर, देवळाच्या मागं, म्हंजे आमच्या देवळाच्या, कारन ताई आमच्याकडं चर्चलाबी देऊळच म्हनतात. माझा बाप त्या देवळाची घंटा वाजवायचा, त्याला पगार न्हाई, नुसता मान, पोटासाठी लोकांच्या रानात जायचा. आन पाकिटाचं म्हनाल तर माझ्या बापानं आख्ख्या जन्मात पाकीट वापरलं न्हाई. त्याच्याकडं चंची हुती, कापडाची, गुंडाळायची, तिच्यात एका कप्प्यात तंबाकू, एका कप्प्यात चुन्याची डबी आन एका कप्प्यात जी काय चिल्लर असंल ती. ती नानी तंबाकूनं काळी पडलेली असायची. बाप मला दुकानात पाठवायचा, तर वानी हातात नानं घ्यायचा न्हाई, फळीवर टाक म्हनायचा. मी बापाला इचारलं, तो असं का करतो, बाप म्हनला अरं तंबाकूचा वास येतो त्याला. मी तेच धरून बसलो. वास तंबाकूचा का आमचा, ते मला मोठा झाल्यावर कळलं.

आईचं तर काय, पोलक्यात चिंधी, चिंधीत पैसे. पैसे काढायचे तर मानसाकडं पाठ करून काढायची. तर असं आमचं घर, आन त्या घरातला मानूस पुढं जन्मभर पाकिटं इकतो, आता काय सांगू तुमाला.

धा-अकरावीतनं शाळा सुटली, सुटली म्हंजे मीच सोडली, पाऊस न्हवता, रानात काम न्हवतं, मंग नगरला आलो. कापड बाजाराच्या तोंडाला एक भाई पट्टे-पाकिटं इकायचा, मुसलमान मानूस, लई गुनाचा, त्याच्याकडं राहिलो. त्यानं मला धंदा शिकवला. तो म्हनायचा शांत्या, गिऱ्हाईकाचं तोंड बगू नको, त्याचा खिसा बग. खिसा मागचा का पुढचा, फुगलेला का बसलेला, पॅन्ट का लेंगा का धोतर, ते बगून पाकीट काढ, तोंड बगून काढशील तर दिसभर पाकिटं उघडत बसशील. ते खरंच हाय. लेंगेवाल्याला मोठं पाकीट चालत न्हाई, त्याचा खिसा बाजूला असतो, बसला की पाकीट वर येतं, त्याला बारकं, बटनाचं लागतं. ट्रकवाल्याला जाड चालत न्हाई, दिसभर त्याच्यावर बसून कंबर धरती. आन म्हातारी मानसं तर पयली खिशातली नोट काढून पाकिटात घालून बगतात, नोटंचा कोपरा बाहेर दिसला की पाकीट परत. न घडी घालता बसली पायजे. पोरं बगतात चेन, साखळी, वाघाचं तोंड. कातडं हाय का रेक्झिन हाय म्हनून काडी लावून बगनारे बी असतात, रेक्झिन वितळतं आन कातडं करपतं, त्यांना मी सरळ सांगायचो, मालक, ह्या किमतीत कातडं तुमाला कोन देनार, पन ह्याची शिलाई बगा.

आन एक पद्धत हुती भाईची, ती मी उचलली, की नवं पाकीट रिकामं द्यायचं न्हाई. रुपाया घालून द्यायचा. बरकत म्हनायचा भाई. मी बी प्रत्येक पाकिटात एक रुपाया घालून ठेवायचो, बाजारात जायच्या आदीच, आमची मार्था घरी बसून घालायची. मार्था म्हंजे माझी बायको. तिला मी म्हनायचो, देव देतो आपल्याला, आपन एक रुपाया देऊ.

भाई गेल्यावर मी माझा माल घेऊन बाजार करायला लागलो. काष्टी, घोडेगाव, मिरजगाव, लांब पार राजूरपर्यंत, एसटीनं, दोन पिशव्या, एक ताडपत्री, एक छत्री. राजूरला डोंगरातली मानसं येतात, ती बाया-मानसं पाकीट हातात घेऊन आदी वास घेतात. मला लई गंमत वाटायची. लई वर्सं केलं हे मी. एक पोरगी झाली, रिबेका, ती शिकली, पुन्याला नर्सिंगला गेली, सगळं ह्याच्यावर. पाकिटावर. लोकांचे पैसे ठेवायच्या वस्तूवर आमचं पोट.

आता जे झालं ते सांगायच्या आदी तुमाला एक समजून घ्यावं लागंल. मानूस नवं पाकीट घेतो ना, तर तो तिथंच बसून बदलतो. घरी न्हेऊन बदलनारा हजारात एखादा. माझ्या ताडपत्रीच्या कडेला बसायचा, जुनं पाकीट काढायचा, आन त्याच्यातनं एकेक बाहेर. आधार कार्ड, एटीएमची कार्डं, मतदानाचं, देवाचा फोटो, पोराचा फोटो, एसटीची तिकिटं, खताच्या दुकानाची चिठ्ठी, अंगारा बांधलेली पुडी, धाची नानी जी कोन घेत न्हाई म्हनून तशीच राहिलेली. त्या टायमाला मानूस उघडा असतो. मी तिकडं बगायचो न्हाई, छत्री नीट करायचो. मंग झालं की जुनं पाकीट माझ्याकडं टाकायचा, हे ठेव तुझ्याकडंच. फेकून द्यायला हात हुत न्हाई मानसाचा, लक्ष्मी राहिलेली असती त्याच्यात. मी ती ठेवायचो. चेन काढायची, बटनं काढायची, दुसऱ्याच्या दुरुस्तीला उपयोगी पडायची. त्यात बंद पडलेलं कार्ड राहायचं, कुनाचा फोटो राहायचा. अशी जुनी पाकिटं एका गोनपाटाच्या पिशवीत हुती माझ्या, ताडपत्रीच्या खाली. भरलेली.

पारनेरच्या पुढं एका गावात मी आठवड्याला बसायचो. गावाचं नाव न्हाई सांगत, तिथं चांगली मानसं बी हायेत. तिथं बबनराव म्हनून एक हुते, हायेत म्हंजे अजून, गिरनीवाले. पीठगिरनी बाजाराच्या कडेलाच. ते दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की माझ्याकडं येऊन बसायचे, चहा मागवायचे, एक मला, एक त्यांना. सगळं अंग पिठाचं, पापन्यावर पीठ, आन त्यांचं पाकीट बी तसलंच, शिलाईत पीठ भरलेलं, पांढऱ्या रेघा. दर दोन-तीन वर्साला माझ्याकडनंच पाकीट घ्यायचे. मी त्यांना म्हनायचो बबनराव, तुमाला कातड्याचं न्हाई, रबराचं पाकीट पायजे, ते हसायचे. त्यांच्या पोरीच्या लग्नात मी जेवलोय, पंगतीत, आमी दोघं बी, मी आन मार्था. हे का सांगतो, तर आमची नुसती ओळख न्हवती. मानूस माझा हुता, असं मी धरून हुतो.

तो दिवस बाजार लई भरला हुता. यात्रा जवळ हुती. एक पोरगा आला, पंचविशीचा असंल, बागायतदाराच्या घरचा, मोठी गाडी, गळ्यात साखळी. पाकिटं बगितली, हे काढ, ते काढ, धा-बारा काढली. मी माझ्या सवयीनं त्याचा खिसा बगितला, मागचा, बसलेला हुता, म्हनून मी त्याला पातळ पाकीट दाखवलं. म्हनलं मालक तुमच्या खिशाला हे बरं बसंल. त्यानं टाकलं ते आन गेला. मला त्याचं काय न्हाई, बाजारात दिसभर असंच असतं.

थोड्या येळानं परत आला, बरोबर तिघं-चौघं. माझं पाकीट गेलं म्हनला. मी म्हनलं मालक, हितं काय पडलेलं न्हाई, बगा. तर म्हनला, हा मगापासनं माझ्या खिशाकडं बगत हुता, ह्यानं मला सांगितलं बी, तुझ्या खिशाला काय बसंल ते. आता बगा ताई, बोललो हुतो मी ते. खोटं न्हाई. मी म्हनलं, अवो धंदाच हाय माझा तो. तर एक जन हसला, म्हनला ऐका, खिसे बगायचा धंदाच हाय म्हनतो.

मंग नाव इचारलं. शांतवन. हे कसलं नाव. कुठला तू. नेवाशाकडचा. हिकडं काय करतो एवढ्या लांब. मी म्हनलं वर्सं झाली मला हितं बसायला, कुनालाबी इचारा. मी आजूबाजूला बगितलं. शेजारी बांगड्यावाली हुती, दर बाजाराला माझ्या छत्रीच्या सावलीत तिचं लेकरू झोपवायची. ती तिच्या बांगड्या गोळा करत हुती. फुटतील म्हनून. ती काय चुकीचं करत न्हवती, काचेचा माल, पन तिनं मान वर केली न्हाई.

पयलं पिशव्या वतल्या. नवी पाकिटं. एकानं एक उघडलं, त्यातनं रुपाया पडला. दुसरं उघडलं, त्यातनं रुपाया. ते वरडायला लागले, पैसे हायेत बगा पाकिटात, नव्या पाकिटात पैसे कशे, मारलेली पाकिटं हायेत ही. मी सांगतोय की बरकतीचा रुपाया हाय, प्रत्येकात हाय, सगळी उघडा, पन कोन ऐकतंय. मंग कुनीतरी ताडपत्री वढली आन ती गोनपाटाची पिशवी सापडली.

काय सांगू तुमाला. ती पिशवी वतली ना, तवा मागची मानसं बी बगायला पुढं घुसली. इतकी जुनी पाकिटं, घामानं काळी झालेली, कुनाचा फोटो बाहेर आलेला, कुनाचं कार्ड. मी सोता जरी बगनारा असतो तरी मी बी म्हनलो असतो की हा पाकीटमार हाय. खरं सांगतो.

मंग पयली कानफाटात बसली. मंग कळलं न्हाई किती. मी खाली पडलो, तर एकजन पाकिटं उचलून नावं वाचायला लागला, कार्डावरची, मोठ्यानं, जशी शाळेत हजेरी घेतात. त्यात एक उचललं, शिलाईत पीठ असलेलं. मी पडल्या जागेवरनं बगितलं, मला इतकं बरं वाटलं ताई, मला वाटलं सुटलो. त्यानं नाव वाचलं, बबन अमुक अमुक. आन गर्दीत बबनराव हुते. मला त्यांचे पाय दिसले, पिठाची चप्पल. ते पुढं आले, ते पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आन म्हनले, हे तर माझं पाकीट.

एवढंच. हे तर माझं पाकीट. पुढचं वाक्य असायला पायजे हुतं, की मीच टाकलं हुतं ह्याच्याकडं, मागच्या साली, ह्याच्याकडनं नवं घेतलं तवा. तेच नवं पाकीट त्यांच्या खिशात हुतं त्या टायमाला. हात घालून काढून दाखवायचं, काम झालं असतं. पन पयलं वाक्य झालं आन गर्दी अशी वरडली, बबनदादाचं बी मारलं, गिरनीवाल्याचं बी मारलं, आन तो आवाज ऐकून बबनराव गप झाले. मी त्यांच्याकडं बगत हुतो. तोंडात रगत हुतं म्हनून नीट बोलता येत न्हवतं, तरी म्हनलं, बबनराव सांगा की. त्यांनी माझ्याकडं बगितलं. मंग त्या गर्दीकडं बगितलं. त्यात त्यांच्या भावकीतली बी पोरं हुती. मंग ते मागं सरकले. पाकीट घेऊन गेले बरोबर.

त्याच्यानंतर कुनी थांबवनारं राहिलं न्हाई. ओळखीचा मानूसच साक्ष देऊन गेला म्हनल्यावर कोन थांबवनार. एकजन म्हनला पाकीटमाराचा हात धरा. उजवा धरा. दोघांनी माझा हात वढून तिथल्या दगडावर ठेवला, आन भाजीवालीच्या तराजूतलं माप आनलं, लोखंडाचं. त्या मापानं बोटं ठेचली. मी वरडलो असंल, मला आठवत न्हाई, मला दुसरंच आठवतंय. ती भाजीवाली म्हनत हुती, माझं माप द्या की ओ लवकर, गिऱ्हाईक उभं हाय. हे माझ्या कानात अजून हाय. तिचं गिऱ्हाईक उभं हुतं. माझी बोटं ठेचून झाल्यावर त्यांनी माप दिलं तिला, आन तिनं पुसलं आन भाजी मोजली.

आन मोबाईल सगळ्यांच्या हातात. एकजन तर मला म्हनत हुता, वर बग, वर बग, तोंड दिसंना.

आनखी एक सांगतो, हे कुनाला खरं वाटत न्हाई. पाकीटमार पाकीटमार म्हनत हुते ना, त्याच टायमाला माझी नवी पाकिटं लोकांनी पळवली. डोळ्यानं बगितलं मी. एका म्हाताऱ्यानं चांगली चार पाकिटं उघडून बगितली, नोट घालून बगितली, बसंना म्हनून खाली ठेवली, ज्यात बसली ते खिशात घातलं आन गेला. घाई न्हाई, काय न्हाई. पारखून न्हेलं.

पोलीस आले, मला गाडीत घातलं. ठान्यात बाकड्यावर बसलो, हात फडक्यात गुंडाळलेला. पिशव्या समोर टेबलावर, मुद्देमाल म्हनून. तो पोरगा, त्याचे दोस्त, सगळे हुते. तक्रार लिहायची म्हनून इचारत हुते त्याला, पाकीट कसलं हुतं, रंग काय, आत काय काय. तो सांगत हुता. तेवढ्यात त्याला घरनं फोन आला. पाकीट घरीच हुतं. दुसऱ्या पॅन्टीत. आईनं धुवायला काढली तवा सापडलं.

मला वाटलं आता तरी कायतरी म्हनंल. सगळे हसले. मोठा ईनोद झाला जसा. तो पोरगा बी हसला, जरा लाजला. मंग माझ्याकडं वळून काय म्हनला म्हायतेय का, म्हनला, मंग तुझ्याकडं एवढी पाकिटं कशाला लागतात रं.

साहेब म्हनले मिटवा आता, तू बी नाव घेऊ नको, ते बी घेनार न्हाईत, नायतर तुझ्याकडच्या ह्या जुन्या पाकिटांची चौकशी लावावी लागंल, एकेक मानूस बोलवून. मी म्हनलं बरं. हात इतका दुखत हुता की मी कायबी म्हनलो असतो. सगळे गेल्यावर तिथल्या एका हवालदारानं टेबलावरची उरलेली पाकिटं चाळली, एक निवडलं, तपकिरी, चिल्लरचा कप्पा उघडझाप करून बगितला, मंग माझ्यासमोर बसून सोताच्या जुन्या पाकिटातलं सगळं नव्यात घातलं, कार्डं, फोटो, पैसे, एकदम निवांत. आन जुनं माझ्या मांडीवर टाकलं. हे बी ठेव तुझ्याकडं, म्हनला, जमवतोस ना. नव्यातनं रुपाया खाली पडला हुता, बरकतीचा, तो त्यानं उचलून खिशात घातला.

दवाखान्यात नगरला आलो. दोन बोटं गेली असं डॉक्टर म्हनले, म्हंजे हायेत, ही बगा, पन वळत न्हाईत. अंगठा बी धड न्हाई. पाकिटाचं टिचबटन मला आता लावता येत न्हाई, चिल्लरच्या कप्प्यातनं नानं काढता येत न्हाई. चिमूट बसत न्हाई. देवळात अर्पनाची थैली येती ना, त्यात सुद्धा मार्था माझ्या नावचं टाकती.

दवाखान्यात असतानाच रिबेकाचा फोन आला पुन्याहून. तिच्या होस्टेलच्या पोरींच्या मोबाईलवर आला हुता तो व्हिडिओ. पुन्यापर्यंत गेला दोन दिसांत, मी जिंदगीत पुनं नीट बगितलं न्हाई पन माझा मार गेला तिथं. फोन मार्थानं माझ्या कानाला धरला. रिबेका रडत हुती. म्हनली पप्पा, त्यात तुमीच हाय का. मी म्हनलं व्हय बाळा, मीच हाय, पन आता बरा हाय, काळजी करू नको. मला वाटलं ती इचारंल लई लागलं का. ती म्हनली, पप्पा, खरं हाय का ते.

मार्थानं ते ऐकलं, फोन बंद केला. मी तिला म्हनलं असू दे, लहान हाय ती. मार्था म्हनली लहान न्हाई, नर्स हुनार हाय. त्या दिवशी जे लागलं ते मापानं न्हाई लागलं ताई.

मार्था माझ्यासारखी न्हाई. माझा हात जरा बरा झाल्यावर तिनं पिशवीत ज्वारी भरली आन मला म्हनली चल. कुठं तर त्या गावाला. मी म्हनलं मी न्हाई येनार, ती म्हनली येऊ नको, फाट्यावर बस. मी फाट्यावर बसलो. ती एकटी गेली बबनरावांच्या गिरनीत. बायांची रांग हुती, रांगेत उभी राहिली, ज्वारीची पिशवी घेऊन. नंबर आला. बबनरावांनी ओळखलं तिला. तिनं ज्वारी दिली आन म्हनली, भाऊजी, एक वाक्य राहिलं हुतं तुमचं.

हे तिनं मला नंतर सांगितलं, जसंच्या तसं. बबनराव गिरनीच्या आवाजात म्हनले, वहिनी, मी खोटं काय बोललो, पाकीट माझंच हुतं ना. ती म्हनली तुमचंच हुतं, पन तुमी टाकलेलं हुतं. तर म्हनले, तसं म्हनलो असतो तर ती पोरं म्हनली असती हा त्याला सामील हाय. मला ह्या गावात राहायचंय, वहिनी. माझी गिरनी उचलून न्हेता येत न्हाई, शांतवनची छत्री उचलून न्हेता येती. आन मंग म्हनले, वळली का बोटं. ती म्हनली न्हाई वळली. पीठ खाली आलं ते त्यांनी पिशवीत भरून दिलं. दळनाचे पैसे घेतले न्हाईत.

ती पीठ घेऊन आली फाट्यावर. मी म्हनलं टाकायचं हुतंस तिथंच. म्हनली का टाकू, ज्वारी माझी हाय. घरी येऊन तिनं त्याच्या भाकरी केल्या. तुमाला वाटंल मला घास गिळला न्हाई, असं लिहाल तुमी. न्हाई, मी खाल्ल्या. भूक हुती. डाव्या हातानं खाल्ल्या.

तिथला बाजार बंद झाला माझा. बाजाराच्या ठेकेदारानं निरोप दिला, तुझी चूक न्हाई हे आमाला म्हाईत हाय, पन वाद नको, तू येऊ नको. चूक न्हाई आन येऊ नको. मंग बाकीचे बाजार बी सुटले, व्हिडिओ सगळीकडं गेलेला, कुठंबी बसलो की कुनीतरी मोबाईल काढायचा, माझ्याकडं बगायचा, परत मोबाईलकडं बगायचा. पाकीट सापडल्याचा व्हिडिओ कुनी काढला न्हाई ना. तो असता तर तो बी गेला असता की न्हाई देव जानं.

रिबेका शिकली, कामाला लागली, पैसे पाठवती, माझ्या औषधाचं सगळं बगती. वाईट पोरगी न्हाई ती. तिकडं तिनं मैत्रिनींना सांगितलंय की पप्पा एमआयडीसीत कंपनीत हुते, मशीनीत हात गेला. मागच्या साली तिचं लगीन झालं, देवळात, चांगलं झालं, पोरगा बी चांगला हाय. लग्नाच्या आदी मला म्हनली, पप्पा, कुनी इचारलं तर कंपनीचंच सांगा. मी सांगितलं. व्याह्यांनी इचारलं, कुठली मशीन हुती. मी म्हनलं प्रेसची. ते हळहळले. म्हनले कंपनीनं काय दिलं का न्हाई. मी म्हनलं न्हाई. ते म्हनले बगा, गरिबाला कुनी वाली न्हाई. माझा हात धरून बसले बराच येळ. इतकं कुनी हळहळलं न्हवतं आजपर्यंत, आन ते बी मशीनीसाठी.

आता हितं बसतो, नगरला, एसटी स्टँडच्या भिंतीला. पाकिटाला आता गिऱ्हाईक न्हाई. सगळे मोबाईलवरनं पैसे देतात, रसवंतीवाल्याकडं बी स्कॅनर हाय, चिल्लर कुनाच्या खिशात राहिली न्हाई. मंग आमी मोबाईलचे कव्हर ठेवतो, मागं एका कार्डाचा कप्पा असलेले, तेवढंच लागतं लोकांना. पाकिटं थोडी ठेवतो कडेला, म्हातारी मानसं घेतात. बटन मार्था लावून दाखवती, मी नुसता सांगतो. जुनं पाकीट कुनी माझ्याकडं टाकायला लागला तर मी घेत न्हाई, हात जोडतो, म्हनतो घरी न्हेऊन टाका मालक. आन मानसं समोर बसली की हात खिशावर ठेवतात. सगळीच न्हाई, काही. त्यांना सोताला कळत बी नसंल. मानूस बसतो, वाकतो, आन हात आपोआप मागं जातो. ठेवू देत. मी राग मानत न्हाई. बबनरावांचा बी राग न्हाई, मार्थाला हाय, तो तिचा हाय. त्यांचं चांगलं हू दे, गिरनी चालू दे. माझं काय, दिसभर बसायला भिंत हाय, घरी भाकर हाय. पास्टरसाहेब म्हनतात क्षमा कर. मी केली, मला दुसरं काय करता येत न्हाई म्हनून केली, ती चालती का देवाला ते त्याला इचारलं न्हाई.

निघालात का. बरं. एक सांगू, रागावू नका. तुमच्या पर्सची चेन उघडी हाय. आल्यापासनं उघडी हाय, आतलं लाल पाकीट वर आलंय, मला हितनं दिसतंय. मी तवाच बगितलं हुतं. बोललो न्हाई. म्हनलं ही बाई म्हनंल, ह्याचं लक्ष माझ्या पर्सवर कशाला. मधी एक घोळका तुमच्या पाठीमागनं घासून गेला, माझा जीव वर-खाली झाला, तरी बोललो न्हाई. गेलं असतं तर गेलं असतं. आता तुमी उठलात म्हनून सांगतो. लावा चेन. न्हाई, आदी आत बगा. हितंच बगा, माझ्यासमोर. पैसे बगा, कार्डं बगा, सगळी बगा. मार्था, तू बी बग हिकडं.

हाय ना सगळं? मंग जावा आता. देव तुमाला सुखरूप घरी न्हेवो.